चोरी कुणाच्या अंगावर?

संपादकांनी यंदा विषय दिला ‘निर्धास्त’. फोनवर पुस्तीही जोडली, की रात्री दार उघडं टाकून झोपणारं एखादं गाव बघून या. असं म्हटलं की मराठी माणसाला आधी शनिशिंगणापूर आठवतं. तिथे घरांना चौकटी आहेत, दारं नाहीत. २०११ मध्ये युको बँकेनं तिथे शाखा उघडली ती ‘बिनकुलपाची बँक’ म्हणून गाजली, आणि २०१५ मध्ये गावाला पोलीस ठाणंही मिळालं. पण तिथली राखण शनिदेवाकडे आहे. देवाला जाब विचारता येत नाही, नुकसानभरपाई तर मागताच येत नाही. मला माणसांनी माणसांची केलेली राखण पाहायची होती. म्हणून मी पुण्याच्या कडेकडेनं फिरलो. २०१७ मध्ये ११ गावं आणि २०२१ मध्ये २३ गावं पुणे महापालिकेत आली. शहर क्षेत्रफळानं मुंबईपेक्षा मोठं झालं आणि त्याच्या पोटात धायरी, नऱ्हे, आंबेगाव, लोहगाव, सूस, मांजरी, वाघोली अशी गावं गेली. अजून पुरती पचलेली नाहीत. ग्रामपंचायतीचा बोर्ड उतरला आहे आणि महापालिकेचं सगळं पोचलेलं नाही, अशा ठिकाणी जीव आणि जिनगी कोण सांभाळतं, हे विचारायला बरं पडतं. कारण जुनं उत्तर लोकांच्या अजून लक्षात आहे आणि नवं अजून पाठ झालेलं नाही.

दोन वेशींचं गाव

वाघोलीच्या पुढे नगर रस्त्यावर लोणीकंद लागतं. गोदामं, ट्रेलर, हॉटेलं, खडीच्या डंपरनं उडवलेली धूळ. रस्त्यावरून पाहणाऱ्याला इथे काही पाहण्यासारखं आहे असं वाटणार नाही. पण पेशवाई बुडून जेमतेम दोन वर्षं झालेली असताना थॉमस कोट्स नावाच्या कंपनी सरकारच्या डॉक्टरनं हे गाव घरं, भांडी, अवजारं, कर्ज, खाणंपिणं असं सगळं बारकाईनं टिपलं आणि १८२० मध्ये मुंबईच्या लिटररी सोसायटीपुढे तो वृत्तान्त मांडला. पुढे गो. स. घुर्ये यांनी त्याच गावाचा पुन्हा अभ्यास केला, त्याचं पुस्तक १९६० मध्ये आलं. पुण्याच्या उंबऱ्यावरच्या एका खेड्याची दोन वेळा इतकी नीट मोजदाद झाली आहे आणि पुणेकरांना त्याचा पत्ता नाही.

कोट्सच्या वेळी गावाला मातीचा तट होता आणि दोन वेशी होत्या. वेस नेमकी कुठे होती, असं मी पारावर विचारलं, तर दोघांनी दोन दिशांना हात केले आणि त्यांच्यातच जुंपली. तट होता तो भुरट्या चोरांसाठी नव्हता. पेंढारी, लुटीवर निघालेली फौज, दुष्काळात हिंडणाऱ्या टोळ्या यांच्यासाठी होता. भुरटा चोर तटाच्या आतही असू शकत होता, आणि तो कोण हे बहुधा ठाऊक असायचं.

त्या काळची दौलत म्हणजे धान्य. ती राखायची तिजोरी जमिनीत असे. पेव. रांजणाच्या आकाराचा खड्डा, तोंड एका माणसाला उतरता येईल इतकंच, आतून भाजून घट्ट केलेला, तळाला नि कडेला कडबा आणि भूस. ज्वारी भरली की वर फरशी, त्यावर माती, त्यावर शेणाचं सारवण. वरून चालणाऱ्याला कळूही नये. पेव फोडलं तर लगेच आत उतरायचं नसतं. कोंडलेल्या हवेनं माणूस गुदमरून मरतो. आधी दिवा सोडून पाहतात, तो विझला तर थांबतात. म्हणजे चोराला पेव कुठे आहे हे कळून भागत नसे, ते फोडून हवा खेळेपर्यंत वेळही मिळावा लागे, आणि तेवढ्या वेळात गावात कुणालाच जाग येऊन चालत नसे. कुलूप नसलेल्या घराची सुरक्षितता ती ही. तिचा चांगुलपणाशी संबंध थोडा, शेजाऱ्याच्या कानाशी जास्त.

माग

चोरी झालीच तर पुढे काय व्हायचं, ते माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टननं पेशव्यांकडून घेतलेल्या मुलखाविषयीच्या १८१९ च्या अहवालात लिहून ठेवलं आहे. गावच्या बंदोबस्ताचा धनी पाटील. त्याच्या हाताखाली राखणदार. कुठे रामोशी, कुठे महार, कुठे भिल्ल. गावात कोण कसा आहे, रात्री कोण कुठून आलं, हे राखणदारानं जाणायचं. चोरी झाली की त्यानं पावलांचं माप घ्यायचं आणि माग काढत निघायचं. माग दुसऱ्या गावाच्या शिवेपर्यंत नेऊन पोचवला की त्याची सुटका. तिथून पुढे त्या गावच्या राखणदारानं तो उचलायचा आणि आपल्या शिवेबाहेर काढून दाखवायचा. ज्या गावात माग थांबेल त्या गावानं चोर तरी द्यावा, नाहीतर मालाची भरपाई तरी द्यावी.

या व्यवस्थेतली एकच गोष्ट मला पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटली. चोरी हवेत विरत नसे. ती कुणाच्या तरी अंगावर पडत असे. राखणदाराच्या, नाहीतर गावाच्या. ज्याच्या खिशाला झळ लागणार तो डोळे उघडे ठेवतो, यापलीकडे त्यात गूढ काही नाही.

त्यात मेख होती ती अशी, की पडायची ती सगळ्यात गरिबाच्या अंगावर आधी. आणि राखणदाराकडून राखणीचे हक्क काढून घेतले तर तोच हात कुठे वळतो, हेही पुण्यानं पाहिलं आहे. पुरंदर गडाची रखवाली रामोशांकडे पिढ्यान्‌पिढ्या होती. इंग्रजी अमलात ती गेली, वतनं गेली. भिवडीच्या उमाजी नाईकांनी बंड उभारलं. त्यांना पकडणारा कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश. त्यानंच पुढे १८३३ मध्ये रामोशांवर पुस्तक लिहिलं. ३ फेब्रुवारी १८३२ रोजी उमाजींना पुण्यात फाशी झाली. खडकमाळ आळीत जुन्या मामलेदार कचेरीच्या आवारात त्यांचं स्मारक आहे. मी गेलो तेव्हा शेजारी दुचाक्या दाटीनं लावलेल्या होत्या आणि दाखल्यांसाठी आलेली माणसं सावलीला उभी होती. पुढे इंग्रजांनी १८७१ पासून गुन्हेगार जमातींचा कायदा आणला, त्याचा विळखा अशाच अनेक जमातींना बसला. रामोशी आज महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत आहेत. गावाची राखण करणाऱ्यालाच सरकारदफ्तरी संशयित ठरवण्याचा हा प्रकार १९५२ मध्ये कायद्यानं संपला. लोकांच्या डोक्यातून संपला असं म्हणायला मी तयार नाही.

शीव जाणणारे

शिवेचं काम महारांकडे होतं. गावाची हद्द कुठल्या ओढ्यावरून, कुठल्या झाडाखालून, कुठल्या दगडावरून जाते हे त्यांना तोंडपाठ. दोन गावांत तंटा पेटला की त्यांची साक्ष निर्णायक धरली जाई. डोक्यावर माती घेऊन शिवेवरून चालायचं, हे त्या साक्षीचं रूप. पूर्ण गावाची मालमत्ता ज्याच्या चालण्यावर ठरायची तो माणूस राहायचा गावकुसाबाहेर. तटाच्या आतल्यांना जी निर्धास्त झोप लागत होती तिची किंमत तटाबाहेर मोजली जात होती. ‘पूर्वी गावात कुलूप नव्हतं’ असं कौतुकानं सांगणाऱ्या माणसाला मी हल्ली विचारतो, की तुमचं घर तटाच्या आत होतं की बाहेर?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाविरुद्धचं विधेयक मुंबई विधिमंडळात १९२८ मध्येच मांडलं होतं. दिवसरात्र केव्हाही राबवून घेण्याचा परवाना आणि त्या बदल्यात जमिनीचा एक तुकडा, हा सौदा त्यांना मोडायचा होता. कायद्यानं वतन गेलं ते १९५८ च्या अधिनियमानं. जमिनी मोठ्या प्रमाणात नव्या शर्तीनं परत दिल्या गेल्या, म्हणजे सरकारच्या परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या. शहर वाढलं तशा या जमिनी सोन्याच्या झाल्या. मुंढव्यातल्या सुमारे ४० एकर महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार २०२५ च्या नोव्हेंबरात राज्यभर गाजला. गुन्हे दाखल झाले, चौकशी लागली. शीव राखण्याबद्दल मिळालेल्या जमिनीलाच राखणदार उरला नाही.

वळचणीचं पाणी

शेताचं भांडण सातबाऱ्यावर लढता येतं. गावठाणातल्या घराचं तसं नाही. धायरीच्या जुन्या भागात फिरताना हे नीट समजलं. मुख्य रस्त्यावर टोलेजंग इमारती, आणि एका बोळातून आत शिरलं की अचानक माळवदाची घरं, दगडी जोती, दाराच्या आत भिंतीतल्या खोबणीत सरकणारा लाकडी अडसर. अडसर आतून लावायचा. म्हणजे घरात कुणीतरी आहे असं धरूनच दार केलेलं. बाहेरून लावायची कडी आणि कोयंडा नंतर ठोकलेला दिसतो, त्याचे खिळे वेगळे. घरातले सगळेच दिवसभर कामाला बाहेर जाऊ लागले त्या काळातला.

अशा घराचा कागद काय? पिढ्यान्‌पिढ्या असायचा तो ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, म्हणजे घरपट्टीची आकारणी. त्यावर नाव असतं, पण ते कर भरणाऱ्याचं. मालकी सिद्ध करायला तो पुरत नाही आणि बँक त्यावर सहजी कर्ज देत नाही. खरा पुरावा शेजारी. ही भिंत सामाईक आहे, ते पाणी तिकडेच पडतं, हे त्याला माहीत असतं. गावठाणात सगळ्यात जास्त भांडणं होतात ती वळचणीवरून. छपराचं पाणी जिथे पडतं ती हातभर जागा कुणाची? छप्पर काढून स्लॅब टाकला की पागोळ्या बंद होतात, आणि हातभर जागेवरचा पुरावाही बंद होतो. मग स्लॅबचा सज्जा नेमका तेवढाच पुढे येतो आणि बोळ अरुंद होतो. एका आजींनी मला त्यांच्या दारातला दगड दाखवला. पागोळीच्या पाण्यानं त्यावर ओळीनं खळगे पडले आहेत. समोरच्यांनी घर बांधायला काढलं तेव्हा त्यांनी तो दगड हलवू दिला नाही. ‘हाच माझा उतारा,’ म्हणाल्या.

तीन ड्रोन

पुरंदर तालुक्यात मल्हारगडाच्या पायथ्याला सोनोरी आहे. गावठाणातल्या घरांची ड्रोननं मोजणी करून प्रत्येकाला मिळकत पत्रिका द्यायची, हा महाराष्ट्रातला प्रयोग या गावात सुरू झाला. केंद्राची स्वामित्व योजना २४ एप्रिल २०२० ला जाहीर झाली, त्याच्या आधीच. काम असं चालतं: भूमी अभिलेखची माणसं येतात, लोकांना सांगतात की आपापली हद्द चुन्याच्या फक्कीनं आखा. मग ड्रोन वरून फोटो घेतो, पांढऱ्या रेघांवरून नकाशा होतो, हरकती ऐकल्या जातात, सनद मिळते. ऐकायला सोपं. पण आकाशातलं यंत्र फक्त रेघ बघतं, ती कुठे मारायची हे जमिनीवर ठरतं. वळचणीचा हातभर तुकडा फक्कीच्या आत घ्यायचा की बाहेर ठेवायचा, यावरून भाऊ-भाऊ समोरासमोर उभे राहतात. मला एवढं मात्र चांगलं वाटलं, की रेघ मारताना शेजारी हजर असतो. त्यानं हरकत घेतली नाही तर तो साक्षीदार होतो. जुनी साक्ष आणि नवा कागद एका सकाळी एका बोळात भेटतात.

त्याच तालुक्यात विमानतळासाठी जमीन घेण्याचं ठरलं आणि २०२५ च्या मे महिन्यात मोजणीचा ड्रोन आला, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले, पोलिसांशी झटापट झाली. यंत्र तेच. एका गावात ते मालकी द्यायला आलं होतं, दुसरीकडे न्यायला.

आणि तिसरा ड्रोन कुणाचा होता ते कुणालाच कळलं नाही. २०२४ च्या पावसाळ्याच्या तोंडाशी शिरूर, आंबेगाव, जुन्नर भागात रात्री आकाशात दिवे फिरताना दिसू लागले. चोर आधी टेहळणी करतात आणि मग येतात, अशी हूल उठली. गावागावांत पोरं काठ्या-बॅटऱ्या घेऊन जागू लागली. कुणाच्या शेतात अनोळखी मोटारसायकल दिसली की फोटो ग्रुपवर. शहरातल्या वर्तमानपत्रांनी याची जरा थट्टा केली. मला थट्टा करवत नाही. वस्ती विखुरलेली, घर उसाच्या फडात, उसात बिबट्या, घरात म्हातारा-म्हातारी, मुलगा चाकणला रात्रपाळीला. तिथे वरून कुणीतरी आपल्याकडे बघतंय आणि आपल्याला तो दिसत नाही, ही भीती खुळी म्हणता येणार नाही. या गस्तींची खरी जोखीम वेगळी असते. काठी हातात असली की रस्ता चुकलेला अनोळखी माणूसही चोर दिसतो. फिरस्ते, भंगारवाले, फासेपारधी यांना तो मार आधी बसतो.

आचेतल्या खुणा

हे सगळं लिहिताना इंडोनेशियाच्या आचे प्रांताबद्दल वाचत होतो. सुमात्रा बेटाचं वायव्य टोक. तिथल्या खेड्याला गाम्पोंग म्हणतात, प्रमुखाला केउचिक. मेउनासा ही गावची प्रार्थनेची, बैठकीची आणि तंटे मिटवायचीही जागा. आपली चावडी आणि देऊळ एका छपराखाली यावं तसं. तिथे १९७६ पासून २००५ पर्यंत फुटीर बंडखोर आणि सैन्य यांच्यात लढाई चालली. त्या काळात गावकऱ्यांना रात्रीची गस्त घालावी लागे, आणि ती चोरांसाठी नसे. सैन्य सांगे म्हणून घालावी लागे, नाही घातली तर संशय. गस्त हा शब्द ऐकून आपल्याला आपुलकी वाटते, पण ती कुणाच्या सांगण्यावरून चालली आहे हे आधी विचारावं.

२६ डिसेंबर २००४ च्या सुनामीत आचेत दीड लाखाहून जास्त माणसं गेली. किनाऱ्यावरच्या गावांतून घरं गेली, झाडं गेली, बांध गेले, काही ठिकाणी जमीनच समुद्रात गेली. बांदा आचेच्या भूमी कार्यालयातल्या नोंदवह्या चिखलात भिजल्या, त्या गोठवून, सुकवून वाचवाव्या लागल्या. शिवाय बऱ्याच जमिनींची नोंद मुळात नव्हतीच. मग गावोगाव जगले-वाचलेले लोक जमले आणि कुणाचं घर कुठे होतं ते एकमेकांच्या साक्षीनं ठरवत गेले. शेजाऱ्यानं मान्य केलं की खुंटी ठोकायची, नकाशावर सही घ्यायची. सरकारनं पुढे त्याच आधारावर मालकीपत्रं द्यायचं काम हाती घेतलं. अडलं ते अपेक्षित ठिकाणीच: विधवांच्या आणि पोरक्या मुलांच्या वाट्याला. साक्ष द्यायला काका असतो, आणि वाटाही काकालाच हवा असतो.

पुढे २००८ च्या कायद्यानं आचेत १८ प्रकारचे तंटे आधी गावात मिटवायचे ठरले. घरातली भांडणं, वारसाहक्क, किरकोळ चोरी, पाळीव जनावरांची चोरी. आपल्याकडे १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झालेली महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम याच्या जवळची. आर. आर. पाटील गृहमंत्री होते, गावांना बक्षिसं मिळत. फरक इतका, की तिथे गावाला अधिकार दिला, इथे गावाला पुरस्कार दिला. बक्षीस घेतलं की कमानीवर ‘तंटामुक्त गाव’ रंगवलं जाई. आजही पुण्याच्या आसपास अशा कमानी दिसतात. त्यांच्याखालून जमिनीचे दावे लढायला लोक रोज शिवाजीनगरच्या कोर्टात येतात.

एक गुंठा

जमिनीचे तुकडे पडण्याची हकिकतही पुण्यानंच जगाला सांगितली. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाचा अभ्यास करून १९१७ मध्ये पुस्तक छापलं. तिथली सरासरी धारणा १७७१ मध्ये सुमारे ४० एकर होती, १९१५ च्या सुमारास ती ७ एकरांवर आली होती. आज त्याच पिंपळे सौदागरात वीस-वीस मजले उभे आहेत आणि जमीन चौरस फुटांत मोजतात. तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ चा तुकडेबंदी कायदा झाला. शहराच्या कडेला त्याचा परिणाम उलटाच झाला. १,०८९ चौरस फुटांचा गुंठा विकायला बंदी, आणि घर बांधायला परवडतो तो गुंठाच. मग अकरा-बारा जण मिळून सामाईक खरेदीखत करायचे. सगळ्यांची नावं एका सातबाऱ्यावर, कुणाचा तुकडा कुठला हे फक्त एजंटनं पेनानं काढलेल्या नकाशावर. काहींनी तर नुसत्या नोटरीच्या कागदावर पैसे मोजले. १२ जुलै २०२१ च्या परिपत्रकानं अशा व्यवहारांची दस्तनोंदणी अडली. २०२५ मध्ये सरकारनं नागरी भागातली ही बंदी सैल करायचं ठरवलं.

नऱ्हे-आंबेगाव भागात अशा गुंठ्यांवर उभी राहिलेली घरं पाहिली की कळतं, की इथे चोराची भीती दुय्यम आहे. पहिली भीती ही, की ज्यानं जागा विकली त्यानं ती आणखी कुणाला विकली नाही ना. म्हणून माणसं पत्र्याची खोली टाकून आधी राहायला येतात, लाइटचं मीटर घेतात, दारात तुळस लावतात. ताबा सोडायचा नाही. दिवाळीला गावी जायचं तरी एक जण मागे राहतो.

हद्द

लोणीकंद आणि लोणी काळभोर ही पोलीस ठाणी २०२१ मध्ये ग्रामीणकडून पुणे शहर पोलिसांकडे आली. ऑक्टोबर २०२४ मध्ये शहराला आणखी सात ठाणी मिळाली. त्यांत वाघोली, फुरसुंगी, आंबेगाव, नांदेड सिटी आहेत. खेड्यात अजून पोलीस पाटील असतो. १९६७ च्या ग्राम पोलीस कायद्यानं त्याच्यावर टाकलेलं काम वाचण्यासारखं आहे: गुन्ह्यांची खबर देणं आहेच, पण गावाचं आरोग्य नि एकूण हालहवाल कळवणंही आहे. तो गावचाच असतो. २०२४ मध्ये त्याचं मानधन साडेसहा हजारांवरून महिना पंधरा हजार झालं. शहरात आलेल्या गावातल्या एका माजी पोलीस पाटलांना भेटलो. लोक अजून रात्री त्यांनाच फोन करतात. ‘मी एकशे बाराला लाव म्हणतो,’ ते म्हणाले, ‘तर म्हणतात, तिथे पत्ता सांगावा लागतो.’ अनोळखी माणसाला आपलं घर समजावून सांगणं गावातल्या माणसाला जड जातं.

वाघोलीत एका हार्डवेअरच्या दुकानात बसलो असताना एक पोलीस शिपाई आला. पलीकडच्या गल्लीतून मोटारसायकल चोरीला गेली होती. दुकानाच्या कॅमेऱ्यात रस्ता दिसतो का, त्यानं विचारलं. दिसत होता, पण डीव्हीआरचा पासवर्ड मुलाला ठाऊक आणि मुलगा कॉलेजात. शिपाई स्टुलावर बसून राहिला. मागच्या चौकातल्या बेकरीपर्यंत गाडी सापडली होती, इथून पुढे कुठे वळली ते हवं होतं. एका कॅमेऱ्यातून दुसऱ्या कॅमेऱ्यात असंच जायचं असतं, त्यानं सांगितलं, आणि घाई करायची असते, कारण थोड्या दिवसांनी जुनं चित्रण पुसून त्याच जागी नवं चढतं. पावलांऐवजी नंबरप्लेट, बाकी हा मागच. फक्त माग आपल्या दुकानावरून गेला म्हणून दुकानदाराच्या अंगावर काही येत नाही. त्यानं चहा पाजला, हे त्याचं सौजन्य.

हद्दीचं भांडणही संपलेलं नाही. ‘हे आमच्याकडे येत नाही’ हे वाक्य ऐकून परत फिरलेली माणसं प्रत्येक गावात भेटतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी फिर्याद घ्यावी लागते, मग ती योग्य ठाण्याकडे पाठवायची. त्याला झिरो एफआयआर म्हणतात. शिवेपर्यंत माग पोचवून द्यायची रीत कायद्यानं परत आणली. पुढच्यानं तो उचलला नाही तर भरपाई द्यायची, एवढंच त्यात नाही.

साइट

उंड्रीतल्या एका सोसायटीच्या फाटकावर रात्री रखवालदाराशी बोलत उभा होतो. मराठवाड्यातला माणूस, पन्नाशीचा. बारा तासांची ड्युटी, आठवड्याची सुटी नाही. टेबलावर वही: नाव, फ्लॅट नंबर, गाडी नंबर, वेळ, सही. मागची पानं चाळली तर सही बहुतेकांनी केलेली, वाचता येण्याजोगी एकही नाही. फाटकाशेजारी पाटी, ‘वाहने आपल्या जबाबदारीवर लावावीत’. पुण्यात पाट्यांचं साहित्य विपुल आहे, पण ही पाटी जितक्या ठिकाणी दिसते तितकी दुसरी दिसत नाही.

खासगी सुरक्षारक्षकाला २००५ च्या कायद्याखालच्या नियमांनुसार शंभर तास वर्गात आणि साठ तास प्रत्यक्ष असं प्रशिक्षण द्यायचं असतं. त्याला विचारलं. त्यानं शिट्टी दाखवली. ही आणि ड्रेस दिला, म्हणाला. ड्रेसचे पैसे पहिल्या पगारातून कापले.

‘आणि इथे चोरी झाली तर?’

‘फुटेज बघतात.’

‘आणि तुमचं काय?’

‘दुसऱ्या साइटवर टाकतात,’ तो म्हणाला आणि आत येणाऱ्या मोटारीला फाटक उघडायला उठला. गाडीवाल्यानं काच खाली केली नाही. यानं नंबर वहीत लिहून घेतला.